सूर्याच्या उबेचा तरणतलाव

घरच्या अंगणात तरणतलाव असणे ही थोड्यांनाच परवडणारी चैन. परंतु ज्यांच्याकडे तो आहे, त्यांनाही बेळगावच्या किंवा इंदूरच्या हिवाळ्यात सकाळी पाण्यात पाय घालवत नाही. मग छपरावर सौर यंत्रणा बसविण्याचा विचार मनात येतो. विचार उत्तम आहे. मात्र आधी हिशेब करावा.

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४० हजार लिटर पाणी मावते. ते केवळ एका अंशाने तापविण्यास सुमारे ४६ युनिट विजेइतकी उष्णता लागते. न्हाणीघराच्या बंबाचे गणित येथे चालत नाही. त्यासाठी काळ्या नळ्यांचे पट्टे १६ ते ३२ चौरस मीटर जागेवर, दक्षिणेकडे तोंड करून पसरावे लागतात. त्यांवर झाडाची सावली नको, आणि पाण्याने भरलेल्या पट्ट्यांचा भार छप्पर सोसेल काय, हे जाणकारास विचारून घ्यावे.

त्याहूनही आधी आच्छादन घ्यावे. उघड्या तलावाची बहुतेक उष्णता बाष्पीभवनाने जाते. दिवसाची कमाई रात्रीत उडून जाऊ नये, एवढ्यासाठी ते हवे.

परंतु साधे तरंगते आच्छादन म्हणजे कुंपण नव्हे. लहान मुलाने त्यावर पाऊल ठेवले तर ते खाली जाईल आणि वरून कोणाला दिसणारही नाही. ऊबदार पाण्याकडे मुले अधिकच ओढली जातात. म्हणून खर्चाच्या यादीत पहिली ओळ कुलूपबंद फाटकाच्या कुंपणाची असावी. नळ्या आणि पंप त्यानंतर.