वाट ज्याची, दुकानही त्याचेच?

रेल्वेचा मालक खाणीचाही मालक झाला, तर शेजारच्या खाणवाल्याला वाघिणी वेळेवर मिळतील काय? अमेरिकेत हा प्रश्न प्रत्यक्ष उद्भवला होता. तेथील रेल्वे कंपन्यांनी कोळशाच्या खाणी हस्तगत केल्या होत्या. म्हणून १९०६ च्या हेपबर्न कायद्याने, लाकडाचा अपवाद वगळता, रेल्वेला स्वतःचाच माल विक्रीसाठी परराज्यात वाहून नेण्यास मनाई केली. वाहकाने व्यापारी होऊ नये, हे त्यामागील तत्त्व.

इंटरनेटच्या संदर्भात हाच प्रश्न भारतात २०१५ साली उभा राहिला. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने निवडक संकेतस्थळे मोफत देऊ केली. पुढे या योजनेस ‘फ्री बेसिक्स’ असे नाव मिळाले. आव दानाचा होता. परंतु गरिबाने काय पाहावे, हे दाताच ठरविणार होता. लाखो नागरिकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे विरोध नोंदविला. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकूर पाहून वेगळा दर आकारण्यास बंदी केली. २०१८ साली नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व परवान्याच्या अटींतही आले. तो लोकमताचा विजय होता.

मात्र या नियमाने दर बांधला, मालकी मोकळीच राहिली. मुकेश अंबानी समूहाच्या जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये २०२० साली फेसबुकने ४३,५७४ कोटी, तर गूगलने ३३,७३७ कोटी रुपये गुंतविले. २०२४ साली रिलायन्स व डिस्ने यांचे भारतातील चित्रवाणी व्यवसाय एकत्र आले. तार, चित्रपट आणि क्रिकेटचे सामने एकाच घरात आले. डेटाचा दर सर्वांना समान. पण रिचार्जबरोबर स्वतःच्याच चित्रवाणी सेवेचे सदस्यत्व जोडून दिले की स्पर्धकाचे पारडे आपोआप वर जाते. मोठा स्पर्धक दुसऱ्या कंपनीशी करार करील. तालुक्याच्या गावाहून निघणाऱ्या साप्ताहिकाने कोणाशी करार करावा?

एकत्रीकरणामुळे ग्राहकाला स्वस्ताई लाभते, असा युक्तिवाद केला जातो. परंतु बाजार मूठभरांच्या हाती गेल्यावर स्वस्ताई किती टिकते, हे जुलै २०२४ मध्ये दिसले. तिन्ही खाजगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढविले.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. जोडणी पुरविणारी कंपनी आणि मजकूर विकणारी कंपनी यांची मालकी कायद्याने विभक्त करावी. जोडणीचे जाळे सर्वांना समान अटींवर खुले असावे. आणि भारत संचार निगम हा सार्वजनिक पर्याय सक्षम करावा. २०१५ साली सुशिक्षित तरुण या प्रश्नावर जागा झाला होता. आता कामगार संघटना, ग्रंथालये व छोटी वृत्तपत्रे यांना या मागणीभोवती एकत्र आणणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.