पाद्री, फादर आणि पाळक



ज्या मुलखात औंढ्याचा नागनाथ आणि नर्सीचे नामदेव आहेत, जिथे शिरड शहापूरच्या मल्लिनाथाच्या दर्शनाला दूरदूरचे जैन बांधव येतात, तिथे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने पाद्र्यांवर बोलावे, याने काहींच्या भुवया उंचावतील. उंचावू द्या. महाराज, मुनी, गुरव, मौलवी यांतला फरक आपल्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही. कथेत ख्रिस्ती माणूस आला की मात्र आपण सगळ्यांना एकाच पांढऱ्या झग्यात कोंबतो.

'पाद्री' शब्द पोर्तुगिजांचा. मूळ 'पाद्रे', म्हणजे बाप. सोळाव्या शतकात तो गोव्यात रुजला. १५८० साली जेसुइट मंडळी अकबराच्या दरबारी गेली आणि अकबराचा चरित्रकार अबुल फजल याच्या फारसीतही या शब्दाने जागा मिळवली. गोव्यात गावच्या चर्चचा प्रमुख आजही 'पाद-विगार' आहे.

शब्द कॅथलिकांचा, तरी लोकांनी तो सढळ हाताने वाटला. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईत आले, १८३१ मध्ये अमेरिकन मिशनने अहमदनगरला ठाणे केले. हे प्रॉटेस्टंट, बायकामुलांसह राहणारे. तरी गावाने त्यांनाही पाद्रीच म्हटले. पुढे १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. मिशनऱ्यांकडे राहिलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचे प्रकरण कोर्टात गेले, मुलगा बापाच्या ताब्यात आला आणि त्याला पुन्हा जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. शहर ढवळून निघाले. 'पाद्री' शब्दाला जो संशयाचा वास लागला, तो माझ्या मते अशा प्रकरणांतून. तो अजून पुरता गेलेला नाही.

तेच नारायण शेषाद्री पुढे रेव्हरंड झाले आणि निजामाच्या राज्यात, आपल्या जालन्याजवळ, त्यांनी 'बेथेल' ही वस्ती वसवली. मराठवाड्याच्या इतिहासात या माणसाला दोन ओळींपलीकडे जागा मिळू नये, हे आपल्याला शोभत नाही.

ख्रिस्ती मंडळीतली माणसे मात्र आपापसांत 'पाद्री' क्वचितच म्हणतात. प्रॉटेस्टंटांत धर्मगुरू 'पाळक', समोर असला की 'पाळकसाहेब'. पाळक म्हणजे मेंढरे राखणारा. धनगरांच्या या मुलखाला तो शब्द उलगडून सांगायला नको. मुद्रितशोधकाने ळचा ल केला की त्याचा 'पालक' होतो आणि चर्चमध्ये शाळेची पालकसभा भरते! मराठी बायबलात 'वडील' आहेत, 'सेवक' आहेत आणि मंडळीवर देखरेख करणाऱ्याला चक्क 'अध्यक्ष' म्हटले आहे. तिथे अध्यक्षाला निर्व्यसनी, शांत आणि द्रव्यलोभ नसलेला असण्याची अट आहे. साहित्य संमेलनांना ती लावली तर किती खुर्च्या रिकाम्या राहतील, हा हिशेब मी करत नाही.

कॅथलिक धर्मगुरू 'फादर', तो अविवाहित. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो हे फादर. कवी ना. वा. टिळक हे प्रॉटेस्टंट, म्हणून रेव्हरंड, आणि त्यांच्या संसाराची हकिगत लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवली. एवढे समोर असूनही आपल्या कथांतून 'फादरची बायको' चहा घेऊन बाहेर येते.

तेव्हा लेखक मित्रांनो, ख्रिस्ती पात्र लिहायला घेण्याआधी एखाद्या रविवारी जवळच्या चर्चमध्ये जाऊन बसा. उपासना संपल्यावर लोक आपल्या माणसाला काय म्हणून हाक मारतात ते ऐका, आणि तोच शब्द लिहा.