राष्ट्र कशाने टिकते? शेजारी देशांचा धडा

(वसई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



'शेजारी देशांतील राष्ट्रीयत्व आणि राजकीय संस्कृती' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. परराष्ट्रांचा विषय म्हटला की तो दिल्लीतील चर्चासत्रांचा, आपला नव्हे, असे कार्यकर्त्यांना वाटते. पाणी, घरे, लोकलमधील जीवघेणी गर्दी हे आपले रोजचे प्रश्न. त्यांत ढाका, कोलंबो आणि काठमांडू कुठे बसतात, असे कोणी विचारले तर त्यात गैर काही नाही. परंतु २०२५ साली महाराष्ट्रात पोटासाठी आलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पकडून सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते भारतीय नागरिक असल्याचे सिद्ध झाल्यावर परत आणावे लागले. नालासोपारा-विरारच्या चाळींतून देशाच्या सर्व प्रांतांतील श्रमिक राहतात. तेव्हा आपला कोण आणि परका कोण, हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आला आहे. शेजाऱ्यांनी या प्रश्नाची कोणती उत्तरे दिली आणि त्यांची किंमत कोणी मोजली, हे म्हणूनच पाहिले पाहिजे.

धर्म पुरला नाही

पाकिस्तान धर्माच्या पायावर उभे राहिले. ११ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीपुढे बोलताना जीनांनी धर्माचा राज्यकारभाराशी संबंध राहणार नाही, असे आश्वासन दिले होते. पण ज्या तत्त्वावर देश मागितला त्याच तत्त्वाने पुढे आपला हिशेब मागितला. मार्च १९४८ मध्ये खुद्द जीनांनीच ढाक्यात जाऊन उर्दू हीच एकमेव राजभाषा राहील असे बजावले. देशातील निम्म्याहून अधिक लोक पूर्व भागात राहत होते आणि त्यांची भाषा बंगाली होती. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, आणि धर्म एक असला म्हणजे राष्ट्र एक होते या सिद्धांताला त्याच दिवशी तडा गेला. १९७० च्या निवडणुकीत ३०० सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगला मिळाल्या. तरीही सत्ता तिच्या हाती देण्यात आली नाही. मतपेटीचा कौल नाकारला गेला म्हणून डिसेंबर १९७१ मध्ये देश फुटला. भाषेचा अपमान हे फुटीचे एक कारण होते, पण लोकशाहीचा अव्हेर हे त्याहून मोठे कारण होते. उरलेल्या पाकिस्ताननेही यातून बोध घेतला नाही. १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदिया पंथीयांना मुसलमान नसलेले ठरवण्यात आले. धर्म ही नागरिकत्वाची कसोटी झाली की खरा धार्मिक कोण, हा वाद कधी संपत नाही. प्रत्येक पिढीत कोणीतरी नवा त्या कसोटीला नापास होतो.

भाषाही पुरली नाही

मग धर्माऐवजी भाषेवर राष्ट्र उभारले तर? बांगलादेशाने ते करून पाहिले. १९७२ च्या राज्यघटनेत राष्ट्रवाद, समाजवाद, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता ही चार तत्त्वे होती. आपल्याला तो दस्तऐवज जवळचा वाटावा, इतका तो उदात्त होता. परंतु त्याच घटना समितीत चितगाव डोंगराळ भागाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लार्मा यांनी, आम्ही या देशाचे नागरिक आहोत पण बंगाली नाही, असा आक्षेप नोंदवला. तो ऐकला गेला नाही, आणि त्या डोंगरांत दोन दशके सशस्त्र संघर्ष चालला. १९९७ साली त्याबाबत करार झाला. दरम्यान लष्करी राजवटीत घटनेतील धर्मनिरपेक्षता गेली आणि १९८८ मध्ये इस्लाम राज्यधर्म झाला. २०११ साली धर्मनिरपेक्षता परत आली, पण राज्यधर्मही तसाच राहिला.

श्रीलंकेची कथा आपल्यासारख्या समाजवाद्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. तेथील लंका समसमाज पक्षाचे काही नेते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आले होते आणि 'चले जाव' चळवळीत सामील झाले होते. १९४८ मध्ये मळ्यांवरील लाखो तमिळ मजुरांना नागरिकत्व नाकारणारा कायदा झाला, तेव्हा या पक्षाने त्याला विरोध केला. १९५६ मध्ये केवळ सिंहली हीच राजभाषा करणारे विधेयक आले, त्या वेळी पक्षाचे नेते कॉल्विन डिसिल्वा यांनी संसदेत इशारा दिला की, दोन भाषांना समान स्थान दिलेत तर राष्ट्र एक राहील आणि एकच भाषा लादलीत तर दोन राष्ट्रे होतील. पुढे तेच डिसिल्वा घटनाविषयक खात्याचे मंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत तयार झालेल्या १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले, सिंहलीचे स्थान पक्के केले. बहुसंख्याकांच्या भावनेला थोडी मुभा देऊन आपला आर्थिक कार्यक्रम पुढे नेता येईल, हा हिशेब चुकला. १९८१ मध्ये जाफनाचे ग्रंथालय जाळले गेले, १९८३ मध्ये तमिळविरोधी हत्याकांड झाले, आणि जे युद्ध पेटले ते मे २००९ मध्ये थांबले. तमिळलाही राजभाषा मानणारी तेरावी घटनादुरुस्ती १९८७ मध्ये झाली, पण तोवर फार उशीर झाला होता.

नेपाळात राजा महेंद्र यांनी डिसेंबर १९६० मध्ये विश्वेश्वरप्रसाद कोइराला यांचे निवडून आलेले सरकार बरखास्त केले. कोइराला समाजवादी विचारांचे होते आणि आपल्या १९४२ च्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला होता. त्यानंतर तीस वर्षे पंचायती राजवटीने एक भाषा, एक वेश, एक राजा हाच राष्ट्रवाद मानला. २००८ मध्ये राजेशाही संपली. २०१५ च्या राज्यघटनेने देशातील सर्व मातृभाषांना राष्ट्रभाषा म्हटले, हे मोठे पाऊल होय. तरीही त्याच वेळी तराईतील मधेशी जनतेला आपला वाटा डावलला गेल्याचे जाणवले आणि त्या आंदोलनात अनेकांचे प्राण गेले. नावापुरता सन्मान आणि सत्तेतील वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या तिन्ही देशांत अलीकडे आणखी एक गोष्ट घडली. २०२२ मध्ये श्रीलंकेत, २०२४ मध्ये बांगलादेशात आणि २०२५ मध्ये नेपाळात तरुणांच्या उठावापुढे सरकारे कोसळली. तरुण रस्त्यावर आले ते महागाई, बेकारी आणि भ्रष्टाचार यांमुळे. बांगलादेशात तर ठिणगी पडली ती मुक्तिसैनिकांच्या वारसांना ठेवलेल्या राखीव नोकऱ्यांवरून. १९७१ चा लढा साऱ्या जनतेचा होता. सत्ताधाऱ्यांनी त्याला आपल्या पक्षाची मिरास बनवले, तेव्हा नव्या पिढीने तो वारसाच नाकारायला सुरुवात केली. अस्मितेने रिकामे पोट काही काळ गप्प बसवता येते, कायमचे नाही.

वसईची साक्ष

आता आपल्या भूमीकडे वळू. सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष सापडले आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बौद्ध स्तूप उकरून काढला. १५३४ पासून दोनशे वर्षे येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, पण येथले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी गेले नाहीत, कारण ते परके नव्हतेच. त्यांनी परमेश्वराचे नाव बदलले होते, माती बदलली नव्हती. आजही कुपारी समाजाच्या घरांत सामवेदी बोली बोलली जाते आणि चर्चमध्ये मराठीतून प्रार्थना होते. याच समाजातून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक होते. २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचा धर्म पुढे करून विरोध करणारेही निघाले. मराठी वाचकांनी तो विरोध जुमानला नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. जमीन आणि पाणी वाचवण्याच्या त्या लढ्यात विहिरीचे पाणी हिंदूचे की ख्रिस्त्याचे, असे कोणी विचारले नाही. राजकीय संस्कृती घडते ती अशा लढ्यांतून, केवळ घोषणांतून नव्हे.

शेजारच्या गोव्याचे उदाहरणही ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, हा प्रश्न तेथे १६ जानेवारी १९६७ रोजी मतदानाने सोडवण्यात आला आणि सुमारे ३४ हजारांच्या मताधिक्याने विलीनीकरण नाकारले गेले. महाराष्ट्रातील अनेकांना तो कौल रुचला नाही, पण तो मान्य झाला. ढाक्यात भाषेच्या प्रश्नाला १९५२ मध्ये गोळीने उत्तर मिळाले, पणजीत मतपेटीने. भारत टिकला तो याच कारणाने. १९५६ नंतर भाषावार राज्ये झाली, महाराष्ट्रासाठी तर आपल्याला झगडावे लागले, आणि त्यामुळे देश दुबळा झाला नाही, उलट बळकट झाला.

म्हणून मी असे मांडतो की, धर्म, भाषा वा वंश यांपैकी कोणत्याही एका खुणेवर राष्ट्र उभे करता येत नाही. कोणतीही एक खूण निवडली की काही लोक बाहेर राहतात आणि त्यांना दाबण्यासाठी राज्यसंस्थेला लष्करी होत जावे लागते. समान नागरिकत्व, मताचा मान आणि सत्ता-संपत्तीतील न्याय्य वाटा हाच राष्ट्राचा पाया होय. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने शेजारी देशांतून आलेल्या निर्वासितांना धर्म पाहून निवडण्याची कसोटी आपल्या कायद्यात आणली. छळ झालेल्याला आसरा देणे हे पुण्यकर्मच आहे. पण छळाची कसोटी छळच असावी, धर्म नव्हे. ज्या वाटेने जाऊन शेजाऱ्यांनी हात पोळून घेतले, त्या वाटेवर आपण पाऊल टाकू नये.

कार्यकर्त्यांसाठी यातून निघणारे काम साधे आणि कष्टाचे आहे. आपल्या वस्तीत केवळ बोलीवरून कोणाला परदेशी ठरवले जात असेल तर त्याच्या बरोबर पोलीस ठाण्यात जा, त्याची कागदपत्रे मिळवून द्या, वकील गाठून द्या. मराठीच्या हक्कासाठी अवश्य लढा. मराठी शाळा टिकवा, कारभार मराठीतून व्हावा असा आग्रह धरा. मात्र तो लढा सरकारशी आणि धनिकांशी असू द्या, शेजारच्या खोलीतील मजुराशी नको. आणि पाणी, घर, प्रवास यांच्या लढ्यांत साऱ्यांना एकत्र आणा. टँकरच्या रांगेत उभे राहणाऱ्या सर्वांची तहान सारखीच असते. या रांगेतून जी एकजूट उभी राहील तिलाच मी राष्ट्रीयत्व म्हणेन.