करजगावचे रेव्हरंड टिळक

रत्नागिरीत टिळक हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याचे मन टिळक आळीतल्या लोकमान्यांच्या जन्मस्थानाकडे धावावे, हे यथायोग्यच आहे. परंतु ह्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील करजगावी, १८६१ साली जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांची आठवण आपल्या मुलखाने तितक्या अगत्याने ठेविली नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या काव्यात नसून धर्मांतरात आहे, असे मला वाटते.

नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून, विशेषतः त्यातील डोंगरावरील प्रवचनाने, त्यांचे चित्त वेधले गेले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या, पुढे त्यांच्याकडे अहमदनगरास आल्या तरी सोवळे सांभाळून त्यांनी चूल वेगळीच मांडली, आणि १९०० साली, स्वतःच्या विचाराने, त्या ख्रिस्ती झाल्या.

टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीत शिरले खरे, पण त्यांचा पिंड वारकऱ्याचाच राहिला. त्या काळी ख्रिस्ती मंदिरांतून विलायती चालींवर ओढूनताणून बसविलेली मराठी पदे गात, आणि त्यांत ऱ्हस्वदीर्घांचे जे हाल होत ते कवीच्या कानाने मुकाट्याने सोसण्याजोगे खास नव्हते! टिळकांनी तेथे अभंग आणि कीर्तन आणिले, तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोचलो असे उघडपणे सांगितले, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ ह्या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही केले.

मला त्यांच्या चरित्रातील खरे धैर्य दिसते ते मात्र १९१७ साली. पहिल्या खेपेस स्वजन गमावलेल्या ह्या मनुष्याने, ज्यांनी आसरा दिला त्या मिशनचा मुशाहिराही साठीच्या उंबरठ्यावर सोडून दिला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखाच प्रवेश होता. दीक्षेची सनद नसली तरी भक्ताला मज्जाव नाही, हे म्हणणे चर्चच्या शिस्तीत सहज बसणारे नव्हते.

दरबाराचा विस्तार पाहण्यास ते फार दिवस राहिले नाहीत; मे १९१९ मध्ये मुंबईस त्यांचे निधन झाले. त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र ‘ख्रिस्तायन’ थोडक्याच अध्यायांवर थांबले होते. ते पुढे चालविले, शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी.