रहस्यकथेंतील बातमीदार

बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे अशी ज्याची ख्याति, त्या औरंगाबादेंत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, उस्मानपुरा ही एक जुनी वस्ती आहे. रेल्वेचें स्थानक तेथून फार दूर नाहीं. स्थानकावरून आणलेली हिंदी रहस्यकादंबरी, वाचनालयांतून आणलेली मराठी रहस्यकथा आणि शेजाऱ्याकडून मागून घेतलेली इब्ने सफी यांची उर्दू कादंबरी, अशीं तीन भाषांतलीं पुस्तकें या शहरांत एकाच घरीं भेटलीं तर नवल वाटावयास नको. रात्रीचें जेवण उरकलें, मुलें निजलीं, कीं पुस्तक उघडावें आणि खुनी सांपडेपर्यंत दिवा मालवूं नये, हा छंद श्रोत्यांपैकीं कित्येकांस कधीं ना कधीं जडला असेलच. आजचें भाषण या छंदांतील एका निराळ्या नायकाविषयीं आहे. तो पोलीस अंमलदार नाहीं, वकील नाहीं, लष्करांतला कप्तानहि नाहीं. तो वर्तमानपत्राचा बातमीदार आहे.

मराठी रहस्यकथेंत या नायकाला मानाचें पान क्वचितच मिळालें. बाबूराव अर्नाळकर यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय हीं त्यांच्या नायकांचीं नांवें एका काळीं घरोघर ठाऊक होतीं. पुढें गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकर यांचे दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास आले. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाजवळ कसली ना कसली सत्ता आहे: कोणाजवळ मनगटाची, कोणाजवळ पिस्तुलाची, कोणाजवळ गणवेषाची, तर कोणाजवळ कायद्याची.

बातमीदाराजवळ यांतलें कांहींच नसतें. त्याला कोणाच्या घराची झडती घेतां येत नाहीं, कोणास अटक करतां येत नाहीं. साक्षीदारानें तोंड मिटून घेतलें तर तें उघडविण्याचा अधिकार त्याला नाहीं. दार उघडलें तर आंत जावें, लोटून घेतलें तर परत फिरावें आणि उद्यां पुन्हां यावें, एवढेंच त्याच्या हातीं. त्याचें सारें सामर्थ्य एका छापील मजकुरांत असतें. आणि तो मजकूर चुकला तर तेंच सामर्थ्य त्याच्यावर उलटतें. या नायकाच्या कथेंतली खरी उत्कंठा येथें आहे. इतर रहस्यकथांत ‘गुन्हेगार कोण?’ हें कळलें कीं वाचकाचें समाधान होतें. बातमीदाराच्या कथेंत तें कळल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो: ‘हें सिद्ध कसें करावयाचें?’

या नायकाचें एक ठळक रूप फ्रान्समध्यें पाहावयास मिळतें. गास्तों लरू हे पॅरिसच्या ‘ल मातें’ या वर्तमानपत्राचे न्यायालयीन बातमीदार होते. १९०७ सालीं त्यांची ‘पिवळ्या खोलीचें रहस्य’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. खोली आंतून बंद, खिडकीला गज, आंत जखमी स्त्री आणि हल्लेखोराचा पत्ता नाहीं, असें तिचें कोडें आहे. तें सोडविण्यासाठीं एका बाजूला पोलीस खात्यांतला नामांकित शोधक आणि दुसऱ्या बाजूला रुलताबीय नांवाचा, मिसरूडहि न फुटलेला बातमीदार, अशी चढाओढ लागते. शेवट सांगणें हा नव्या वाचकावर अन्याय होईल. पण न्यायालयांत बसून रोज साक्षी टिपणाऱ्या माणसाला सत्य आणि पुरावा यांतील अंतर ठाऊक असतें, याची साक्ष ही कादंबरी पानोपानीं देते.

हिंदींत सुरेंद्र मोहन पाठक यांनीं हा नायक लोकप्रिय केला. ‘पुराने गुनाह नए गुनाहगार’ या १९६३ च्या कादंबरींत सुनील हा तरुण प्रथम आला. राजनगर या कल्पित शहरांतील ‘ब्लास्ट’ नांवाच्या दैनिकाचा तो बातमीदार. पुढें शंभराहून अधिक कादंबऱ्यांत तो प्रेतें आणि पोलीस यांच्या मधोमध उभा राहिला. रेल्वेच्या प्रवासांत त्याची ओळख झालेले वाचक महाराष्ट्रांतहि पुष्कळ सांपडतील.

अलीकडच्या काळांत स्वीडनच्या स्टीग लार्सन यांनीं या प्रकाराला जगभर वाचक मिळवून दिले. लार्सन स्वतः ‘एक्स्पो’ या नियतकालिकाचे संपादक होते. ते २००४ सालीं वारले आणि त्यांची पहिली कादंबरी २००५ सालीं, म्हणजे मरणोत्तर, प्रसिद्ध झाली. तिचा नायक मिकाएल ब्लूमक्विस्त हा पत्रकार कथेच्या आरंभींच बेअब्रूच्या खटल्यांत हरलेला आहे. एका बड्या धनिकाविषयीं त्यानें लिहिलें, पण लिहिलेलें सिद्ध करतां आलें नाहीं. म्हणून त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली आहे. नायक प्रथम दोषी ठरतो आणि मग शोधाला निघतो, ही रचना वाचकांस फार नवी वाटली.

मराठी माणसास मात्र ती नवी वाटण्याचें कारण नाहीं. असा प्रसंग महाराष्ट्रांत प्रत्यक्ष घडला होता, आणि तोहि आमच्या वृत्तपत्रसृष्टींतील अत्यंत मोठ्या नांवांच्या बाबतींत. १८८१ सालीं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ हीं पत्रें निघालीं. त्या वेळीं कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी हे वेडे झाल्याचें सांगण्यांत येत होतें आणि त्यांचा छळ होत असल्याची चर्चा लोकांत होती. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आगरकर आणि टिळक यांनीं आपल्या पत्रांतून कडक टीका केली. आधाराला कांहीं पत्रें होतीं. बर्वे यांनीं खटला भरला. आणि चौकशींत असें निघालें कीं, तीं पत्रें बनावट होतीं.

एखाद्या रहस्यकादंबरींतील कलाटणी यापेक्षां अधिक कठोर असूं शकत नाहीं. दोघे तरुण संपादक सद्हेतूनें लिहीत होते. ज्याच्यासाठीं लिहीत होते तो राजा खरोखरच संकटांत होता. पण हातांतला कागद खोटा निघाला, आणि न्यायासनापुढें हेतूपेक्षां कागद बोलतो. त्यांनीं दिलगिरी व्यक्त केली, तरी खटला थांबला नाहीं. खटल्याच्या काळांत जोतीराव फुले यांच्या पुढाकारानें रामशेट उरवणे यांनीं दहा हजार रुपयांचा जामीन दिला, ही गोष्टहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जुलै १८८२ मध्यें दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं एकशेंएक दिवस काढले, आणि त्या दिवसांवर आगरकरांनीं पुढें पुस्तक लिहिलें.

आणि त्या राजाचें काय झालें? १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगर येथें, बंदोबस्तांत असतांना, पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. कादंबरीकारानें हा शेवट लिहिला असता तर त्यानें आणखी एक प्रकरण जोडून संशयाची गांठ उकलली असती. इतिहासानें तें प्रकरण जोडलें नाहीं. त्यानें बातमीदारांस एवढाच धडा दिला कीं, अन्याय खरा असला तरी त्याचा पुरावा खरा आहे असें होत नाहीं, आणि खोट्या पुराव्यानें खऱ्या अन्यायाचीहि बाजू दुबळी होते.

पुराव्याची जोखीम ही एक. जिवाची जोखीम ही दुसरी. उस्मानपुरा ज्या मुलखांत आहे, तो मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथें छापील शब्दावर इतका कडक पहारा असे कीं, आ. कृ. वाघमारे यांना ‘मराठवाडा’ हें पत्र संस्थानाच्या हद्दीबाहेर, पुण्यास छापावें लागलें. एका नांवावर बंदी आली कीं तें दुसऱ्या नांवानें निघे. त्याच राज्याच्या राजधानींत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनीं रझाकारांच्या अत्याचारांविरुद्ध लेखणी चालविली. ऑगस्ट १९४८ मध्यें रात्रीं घरीं परततांना त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांचा प्राण गेला. पोलीस कारवाई होऊन हैदराबाद मोकळें होण्यास तेव्हां महिनाहि उरला नव्हता.

हें सर्व जुन्या काळचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. मुंबईंतील गुन्हेगारी टोळ्यांच्या बातम्या देणारे पत्रकार ज्योतिर्मय डे यांना ११ जून २०११ रोजीं पवई येथें भर दिवसा गोळ्या घालण्यांत आल्या. २०१८ सालीं न्यायालयानें छोटा राजन याच्यासह नऊ जणांस जन्मठेप दिली. कादंबरींतला सुनील दर वेळीं पुढल्या कादंबरीसाठीं वांचतो, कारण त्याचा लेखक त्याला मरूं देत नाहीं. प्रत्यक्षांतल्या बातमीदाराला असा पाठीराखा नसतो.

मराठींत बातमीदार हा नायक अगदींच उपेक्षित राहिला असें मात्र नाहीं. अरुण साधू हे स्वतः पत्रकार. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या त्यांच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनीं १९७९ सालीं ‘सिंहासन’ हा चित्रपट काढला. त्यांत निळू फुले यांनीं उभा केलेला दिगू टिपणीस हा बातमीदार सर्वत्र जातो, सर्वांस भेटतो, सर्व कांहीं जाणतो. सत्तेच्या त्या खेळांत गुन्हेगार कोण हें त्याला शोधावें लागत नाहीं. तें त्याच्या डोळ्यांपुढेंच असतें. त्याचें दुःख असें कीं, जाणूनहि कांहीं बदलत नाहीं, आणि शेवटीं तें जाणणें त्याच्या मनाला पेलत नाहीं. रहस्यकथेचा बातमीदार जेथें विजयी होतो, तेथें साधूंचा बातमीदार कोसळतो. मराठींत या नायकाची रहस्यकथा फारशी रुजली नाहीं, पण त्याच्या अंतःकरणाची कथा मात्र लिहिली गेली.

मग रहस्यकथा वाचावी कीं नाहीं? अवश्य वाचावी. ती वाचतां वाचतां वाचक नकळत एक संवय शिकतो: हें कोण सांगतो, त्यानें तें कसें पाहिलें, त्याचा यांत लाभ काय आणि हा कागद खरा कशावरून, असे प्रश्न विचारण्याची. रात्रीं कादंबरीला विचारलेले हे प्रश्न त्यानें सकाळीं हातीं आलेल्या बातमीलाहि विचारावे. बातमीदारानें ते छापण्यापूर्वीं विचारले आणि वाचकानें मानण्यापूर्वीं विचारले, तर डोंगरीच्या त्या एकशेंएक दिवसांचा धडा वायां गेला नाहीं असें म्हणतां येईल.