बोट, चाप आणि आपली नवी रेंज

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषणाचे शब्दांकन)



मसालेभाताचा वास यायला लागलाय, त्यामुळे नमनाला घडाभर तेल घालत नाही. जुन्या व्यायामशाळेत १० मीटरची एअर रायफल रेंज करायची असं आपल्या मंडळाने ठरवलं आहे. मी आधी फौजेत आणि नंतर मुलांना नेमबाजी शिकवण्यात आयुष्य घालवलं, म्हणून बोलायला उभं केलंय. विषय दिलाय ‘नेमबाजीचे महत्त्व’. महत्त्व तुम्हाला माहीत आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं, तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रभर फटाके फुटत होते. त्याच्या आधी २०१० मध्ये कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत म्युनिकला विश्वविजेती झाली होती. अंजली भागवत तर एन.सी.सी.तून पुढे आलेली. तेव्हा महत्त्वावर न बोलता मी एका बोटावर बोलणार आहे.

आधी शब्द नीट करू. आपण सर्रास म्हणतो, ‘घोडा दाबला’. घोडा म्हणजे खरं तर काडतुसावर आपटणारा भाग. बोट लागतं तो चाप. आणि चाप ‘दाबला’ म्हटलं की मुलं डोअरबेल दाबावी तसं करतात. चाप ओढायचा असतो. सरळ मागे, नळीच्या रेषेत, हळू.

आता सगळ्यांनी उजव्या हाताची मूठ वळा. पाहुण्यांनीसुद्धा! अंगठा आणि तीन बोटांत पेन धरा, आणि फक्त तर्जनी हलवा. बाकीची बोटं आवळली जातात की नाही बघा. जातात ना? रायफलच्या मुठीवर हेच होतं. बोट झटक्यात ओढलं की अख्खा पंजा आवळतो आणि नळी हलते. किती? मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंत पाऊण मीटर अंतर धरा. पुढचं टोक पोस्टकार्डाच्या जाडीइतकं, म्हणजे ०.२ मिलीमीटर सरकलं, तर १० मीटरवर छर्रा सुमारे पावणेतीन मिलीमीटर बाजूला जातो. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलीमीटर व्यासाचा. छर्रा साडेचार मिलीमीटरचा. त्याच्या कडेने ठिपक्याला स्पर्श केला तरी दहा मिळतात. पण पावणेतीन सरकलात की नऊ. पोस्टकार्डाच्या जाडीपायी एक गुण गेला, आणि अंतिम फेरी दशांश गुणांवर ठरते.

म्हणून बोट कुठे ठेवायचं ते महत्त्वाचं. पहिल्या पेऱ्याचा मांसल भाग चापावर. सांध्याची घडी नको, अगदी टोकही नको. तर्जनीचा मागचा भाग लाकडाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर ओढताना बोट रायफललाच बाजूला ढकलतं. एन.सी.सी.तली आपली पॉइंट टू-टू रायफल आठवते का? तिचा चाप जड, थोडा खरखरीत. मॅचच्या एअर रायफलचा चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा सहज मागे येतो, मग बोटाला एक भिंत लागते. तिथे थांबायचं. श्वास अर्धा सोडलेला, साइट जागेवर, आणि त्या भिंतीवर दाब वाढवत जायचा. सुटल्यावर लगेच मान वर करायची नाही. छर्रा नळीतून बाहेर पडायला काही हजारांश सेकंद लागतात, तेवढ्यातही मुलं डोकं उचलतात! टार्गेटवर काय झालं हे बघायची घाई मोठ्यांनाही आवरत नाही.

याचा सराव कोरडा करायचा. म्हणजे छर्रा न घालता, भिंतीवर एक ठिपका काढून. एअर रायफलला त्यासाठी वेगळी सोय बहुतेक वेळा दिलेली असते. पॉइंट टू-टूमध्ये मात्र रिकाम्या चेंबरवर चाप ओढत बसू नका, पिन चेंबरच्या काठावर आपटून काठ खराब होतो. आत वापरलेली केस किंवा डमी घाला. पहिले दोन महिने मुलांनी छर्ऱ्यांपेक्षा कोरडे शॉट जास्त मारावेत. छर्ऱ्यांचा खर्चही वाचतो, हे आपल्या खजिनदारांसाठी.

आता ज्यासाठी खरं उभा राहिलोय ते. आपल्यातल्या दोन-तीन दात्यांचं म्हणणं आहे की थेट आंतरराष्ट्रीय दर्जाच्या रायफली घेऊ. भावना चांगली आहे. पण १० आणि ५० मीटरच्या रायफलला नियमात चापाच्या वजनाची किमान मर्यादाच नाही. एअर पिस्तुलाला ती ५०० ग्रॅम आहे, रायफल मोकळी. त्यामुळे चांगले नेमबाज चाप शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून हलका ठेवतात. सातवीतल्या मुलाच्या थंडीने कुडकुडणाऱ्या बोटाला तो चाप कळणारच नाही. नुसतं बोट लागलं की सुटेल, आणि मुलगा दर वेळी दचकायला शिकेल. ती सवय मोडायला मग वर्ष जातं. सुरुवातीला चाप जड असू द्या. पुढे कमी करता येतो.

तो कमी करणं हेही कुणाच्याही हातचं काम नाही. एका क्लबात (नाव सांगत नाही) एका वडिलांनी मुलाची पॉइंट टू-टू घरच्या स्क्रूड्रायव्हरने ‘हलकी’ करून आणली. आत दोन पोलादी कडा एकमेकींत अडकलेल्या असतात, त्यांची पकड किती राहील हे एक स्क्रू ठरवतो. पकड फार कमी केली की चाप हलका लागतो, पण धक्क्यानेही सुटतो. मुलीने बोल्ट पुढे ढकलला आणि गोळी सुटली. तिचं बोट गार्डच्या बाहेर होतं! नळी टार्गेटकडे होती म्हणून समोरच्या वाळूत गेली. मी शेजारच्या लेनवर होतो. ती मुलगी त्यानंतर तीन आठवडे रेंजवर आली नाही.

तेव्हा चाप लावायचा तर जाणकाराने, एका वेळी स्क्रूचा पाव फेरा, वहीत नोंद करून. मग रिकाम्या रायफलचा बोल्ट जोरात बंद करून बघायचा, दस्त्यावर रबरी हातोडीने ठोकून बघायचं. सुटली तर पुन्हा पकड वाढवायची. आणि सेफ्टी कॅचवर भिस्त ठेवायची नाही. बऱ्याच रायफलींत ती फक्त चाप अडवते, आतल्या कडा नव्हे.

म्हणून मंडळाला माझी विनंती अशी आहे. जमलेल्या पैशातून पहिल्यांदा मागची भिंत आणि छर्रे पकडणाऱ्या पेट्या. मग कुलपाचं लोखंडी कपाट, छर्ऱ्यांचं वेगळं. किल्ल्या दोन शिक्षकांकडे, शिपायाकडे नाही आणि माजी विद्यार्थ्यांकडे तर मुळीच नाही. प्रत्येक रायफलला भडक नारिंगी सेफ्टी फ्लॅग, चेंबर रिकामं आहे हे लांबून दिसावं म्हणून. डोळ्यांचे चश्मे. रायफली शेवटी, साध्या चारच. मुलांना पहिल्या दिवशी एवढंच शिकवू: नळी नेहमी टार्गेटकडे, आणि साइट जुळेपर्यंत बोट गार्डच्या बाहेर, लाकडाला लावून सरळ. रिकामी असली तरी. हे जो दोनदा विसरेल तो त्या दिवशी बाकावर बसेल, मग तो देणगीदाराचा नातू का असेना.

मी आज रायफल आणलेली नाही, मुद्दाम. एवढी गर्दी, त्यात लहान मुलं, इथे तिचं काम नाही. दुपारी तीनला व्यायामशाळेत जागा मोजायची आहे. दहा मीटर फायरिंग लाइनपासून टार्गेटपर्यंत, शिवाय मागे उभं राहायला जागा हवी. पूर्वेकडच्या दाराचं काय करायचं तेही ठरवावं लागेल, कारण ते लेनच्या बाजूला उघडतं. ज्यांना यायचंय त्यांनी जेवून या, टेप माझ्याकडे आहे.