फेलोशिपची 'रिटर्न डेट'

(उत्सवाच्या चौथ्या दिवशी 'शिक्षण आणि नोकरी' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





पोस्टडॉक करणाऱ्या मुलांच्या नोकरीविषयी बोला, असं सेक्रेटरींनी मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी डिप्लोमावाला माणूस. नागपूरच्या पॉलिटेक्निकमधून निघालो, रेल्वेची परीक्षा दिली आणि २००४ साली ज्युनियर इंजिनियर म्हणून इथे खडगपूरला आलो. पीएच.डी. झालेल्यांना मी काय सांगणार?" त्यावर ते म्हणाले, "ते लोक आपापसात बोलतातच. घरच्यांच्या बाजूने कोणी बोलत नाही. तुम्ही बोला." त्यांना आमच्या घरची हकीकत माहीत आहे. आज तीच सांगणार आहे. धाकट्या भावाला विचारून, त्याच्या परवानगीने सांगतो आहे.

आपल्या मंडळाची रचनाही या विषयाला धरूनच आहे. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली आणि नागपूर-गोंदियाकडची आपली माणसं या मार्गाने पूर्वेकडे आली. २००३ पर्यंत तर नागपूर विभाग आपल्याच दक्षिण-पूर्व रेल्वेत होता. पुढे १९५१ मध्ये हिजलीच्या जुन्या बंदिवास छावणीच्या इमारतीत देशातली पहिली आयआयटी सुरू झाली आणि तिच्यामागे दुसरी मराठी मंडळी आली. आरतीला एका बाजूला वर्कशॉपवाले आणि दुसऱ्या बाजूला संशोधक उभे असतात. प्रसाद एकत्र खातो, पण एकमेकांचं काम आपल्याला फारसं ठाऊक नसतं.

इथे बसलेल्या काकू-मावशींसाठी आधी पोस्टडॉक म्हणजे काय ते सांगतो. पीएच.डी. झाली, पण कायमची नोकरी अजून नाही. मधल्या काळात एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीवर संशोधन करायचं, ते पोस्टडॉक. आपल्याकडे त्यालाच बऱ्याच ठिकाणी रिसर्च असोसिएट म्हणतात. काम मोठ्या जबाबदारीचं असतं. मानधन १ जानेवारी २०२३ पासून श्रेणीप्रमाणे महिना ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये, शिवाय घरभाडं. ऐकायला बरं वाटतं. पण हे पगाराचं पत्रक नव्हे. ही फेलोशिप आहे. आपल्यासारखा भविष्यनिर्वाह निधी त्यात सहसा नसतो, ग्रॅच्युइटी नसते, आणि प्रकल्पाचा पैसा संपला की दुसऱ्या महिन्यापासून काहीच नसतं.

आमचा धाकटा लहानपणापासून हुशार. धातूंच्या गंजण्यावर त्याने २०१२ मध्ये पीएच.डी. केली. दोन वर्षं जर्मनीत राहिला. २०१४ मध्ये परत येऊन एका संस्थेत रिसर्च असोसिएट झाला. तेव्हा मानधन ३६,००० होतं. पहिला प्रकल्प संपला, मुदतवाढ मिळाली. मग दुसरा प्रकल्प, पुन्हा वाढ. दरवेळी आम्ही विचारलं की तो म्हणायचा, "दादा, दोन पेपर निघाले की प्राध्यापकाच्या जागेला अर्ज करतो." अर्ज केलेही. मुलाखतीही दिल्या. कुठे दुसरा क्रमांक आला, कुठे जाहिरातच रद्द झाली. मार्च २०१८ मध्ये प्रकल्प संपला तेव्हा त्याचं वय पस्तीस होतं आणि हातात काही नव्हतं. तो आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आला.

त्या जुलैत एका रात्री जेवताना कशावरून तरी बोलणं निघालं आणि मी माझ्या मुलासमोर त्याला म्हणालो, "इतकी वर्षं शिकून मिळवलंस काय? मी डिप्लोमा करून चौदा वर्षं घर चालवतोय." तो काही बोलला नाही. ताट उचलून धुऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गीतांजलीने नागपूरला आईकडे निघून गेला. चार महिने आमचं बोलणं बंद होतं. ते वाक्य मला आजही परत घेता आलेलं नाही. म्हणून हे भाषण.

आता आमच्या शॉपमधली एक गोष्ट. डबा पीओएच होऊन, म्हणजे ठरावीक मुदतीची पूर्ण दुरुस्ती होऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या टोकाच्या भिंतीवर आम्ही दोन तारखा रंगवतो. एक काम झाल्याची आणि दुसरी 'रिटर्न डेट', म्हणजे पुन्हा कारखान्यात कधी यायचं त्याची. डबा चकचकीत असला, धावत असला, तरी ती तारीख सगळ्यांना दिसते. कोणी त्यात डब्याचा अपमान मानत नाही. उलट तारीख पुसली गेली तर आम्ही घाबरतो.

आमच्या धाकट्याच्या फेलोशिपवर अशी तारीख होती, पण ती कोणी रंगवली नव्हती. त्याने नाही, त्याच्या गाईडने नाही आणि आम्ही घरच्यांनीही नाही. मुदतवाढ मिळाली की आम्ही पेढे वाटायचो! खरं तर प्रत्येक मुदतवाढीबरोबर त्याचं एकेक दार बंद होत होतं.

दारं कशी बंद होतात ते बघा. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत सायंटिस्टच्या जागेला सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल पोस्ट-डॉक्टोरल फेलोशिपला ३५, आणि तीही दोनच वर्षांची. पूर्वी ती एसईआरबी देत असे, आता तिच्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आहे. २०२३ मध्ये पेटंट परीक्षकांच्या ५५३ जागा निघाल्या, तिथेही मर्यादा ३५ होती. महिलांना काही योजनांत, तसंच राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सूट असते. ती ज्याने त्याने आपल्या जाहिरातीत वाचावी. पण धाकट्याने यातली एकही मर्यादा कागदावर लिहून काढली नव्हती. बत्तिसावं वर्ष ओलांडलं तेव्हा तो एका पेपरच्या दुरुस्त्या करत होता.

दिवाळीला मी नागपूरला गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण जमत नव्हतं. शेवटी म्हटलं, "तुझा बायोडाटा दाखव." अकरा पानं होती. त्यातली नऊ पानं पेपर आणि परिषदांची यादी. मला एक ओळ कळली नाही. मी म्हटलं, "हे राहू दे. तुला हाताने काय काय करता येतं ते सांग." आमच्या शॉपमध्ये जॉब कार्ड असतं ना, तसा एक कागद घेऊन बसलो. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो.

लोखंडाचा तुकडा का तुटला, हे तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघून सांगू शकत होता. वेल्डिंगच्या जोडाला गंज कुठून लागेल हे त्याला आधी सांगता येत होतं. तीन वर्षं त्याने एक प्रयोगशाळा चालवली होती. महागड्या यंत्राच्या खरेदीची स्पेसिफिकेशन्स लिहिली होती, टेंडरच्या भानगडी निस्तरल्या होत्या, पुरवठादाराशी भांडला होता. चौदा विद्यार्थ्यांना यंत्रावर हात बसवून दिला होता. जर्मनीत परक्या लोकांबरोबर वेळेत काम पुरं केलं होतं. यातलं जवळजवळ काहीच त्या अकरा पानांत नव्हतं! मी म्हटलं, "अरे, असा माणूस तर आमच्याच शॉपला हवा असतो." तो बऱ्याच महिन्यांनी हसला.

त्या कागदाचा दोन पानांचा बायोडाटा झाला. मग त्याने ओळखीच्या, अनोळखी पंधरा-वीस लोकांना पत्रं लिहिली. नोकरी द्या असं लिहिलं नाही. तुमचं रोजचं काम काय असतं, एवढंच विचारलं. सहा-सात जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकाने सुचवलेल्या, गंजरोधक लेप बनवणाऱ्या एका कंपनीत तो एप्रिल २०१९ मध्ये लागला.

इथे गोष्ट गोड करून संपवणार नाही. त्याचा साहेब तीस वर्षांचा होता, बी.टेक. झालेला. पहिले सहा महिने धाकट्याला ते फार जड गेलं. तेव्हा मी त्याला आमचं सांगितलं. आमच्याकडे प्रोबेशनर अधिकारी शिकायला येतात. आज ज्याला मी एअर ब्रेक समजावून सांगतो, तो काही वर्षांनी माझा साहेब होऊन येऊ शकतो. ज्ञान एका ठिकाणी आणि खुर्ची दुसऱ्या ठिकाणी, याची आम्हा डिप्लोमावाल्यांना सवय असते. त्यात कमीपणा मानला तर काम होत नाही. आज तो तिथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख आहे. पण प्राध्यापक व्हायचं त्याचं स्वप्न गेलं ते गेलंच. अजूनही एखाद्या रविवारी जुना डेटा उघडून बसतो. ते दुःख मी लहान मानत नाही.

तरुण मित्रांनो, त्याच्याशी बोलून काही गोष्टी मी लिहून आणल्या आहेत, त्या सांगतो.

पहिली, रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात फेलोशिपची शेवटची तारीख टेबलासमोर चिकटवा. तिच्यापासून मागे मोजा. सरकारी किंवा विद्यापीठाच्या जागेला जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंत सहज वर्ष जातं. म्हणून दोन वर्षांची फेलोशिप असेल तर अर्जांची तयारी पहिल्या वर्षातच सुरू व्हायला हवी. मुदतवाढ मिळाली तर आनंदच, पण तिच्या भरवशावर राहू नका.

दुसरी, वर्षातून एकदा स्वतःचा लेखी आराखडा करा: मला काय येतं, काय आवडतं, कुठे कमी पडतो, पुढच्या वर्षी काय शिकणार. अमेरिकेत याला इंडिव्हिज्युअल डेव्हलपमेंट प्लॅन म्हणतात. 'सायन्स' या साप्ताहिकाच्या प्रकाशक संस्थेने २०१२ मध्ये त्यासाठी इंटरनेटवर मोफत साधनही सुरू केलं होतं. पण एक वही आणि पेन पुरतं.

तिसरी, दारं दोनच नाहीत. प्राध्यापकी आणि परदेश याखेरीज कंपन्यांचे संशोधन आणि गुणवत्ता विभाग आहेत, औषधांच्या परवान्यांचं काम आहे, विज्ञान नियतकालिकांचं संपादन आहे, डेटाचं काम आहे. विज्ञान किंवा इंजिनियरिंगच्या पदवीवर पेटंट एजंटची परीक्षा देता येते. जैवतंत्रज्ञानात स्वतःची कल्पना असेल तर बायरॅकच्या इग्निशन ग्रँटमधून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून अशा लोकांना जागा आणि सल्ला देत आलं आहे. आपल्या आयआयटीत रेल्वे संशोधन केंद्र आहे. तिथल्या कोणाला आमचं प्रत्यक्ष काम पाहायचं असेल तर रीतसर परवानगी काढून द्यायला मी मदत करीन.

चौथी, गाईडपासून लपवू नका. "सर, मी कंपन्यांतही अर्ज करतोय" हे सहा महिने आधी सांगितलेलं बरं. शिफारसपत्र त्यांच्याकडूनच घ्यायचं आहे.

पाचवी, फेलोशिप सुरू असतानाच सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. हातात सहा महिने असले की मुलाखतीत माणूस ताठ बसतो.

आणि आता माझ्या वयाच्या पालकांना, दादा-ताईंना सांगतो. "अजून शिकतोच आहेस का?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. तो मुलगा शिकत नसतो, काम करत असतो. विचारायचंच असेल तर "तुझी मुदत कधी संपते आणि तोपर्यंत आम्ही काय करू?" असं विचारा. मी हे २०१४ मध्ये विचारलं असतं, तर त्याची चार वर्षं वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण ती चार वर्षं त्याने एकट्याने काढली नसती.

यंदा धाकटा सहकुटुंब दर्शनाला आला आहे. मागच्या रांगेत बसलाय. कार्यक्रम संपल्यावर कोणाला बायोडाटा दाखवायचा असेल तर जरूर दाखवा. फक्त तो दोन पानांपेक्षा मोठा नको, असं त्याने बजावलं आहे.

 

गणपती बाप्पा मोरया!